टॉवेलाखालचा हात

माझे वडील बैलांचे व्यापारी होते. आमच्या भागात अशा माणसाला हेडी म्हणतात. पुण्यात हे सांगितलं की लोक आधी "अच्छा" म्हणतात आणि मग जरा थांबून विचारतात, "म्हणजे शेती का?" शेती नाही हो. अशक्त बैल घ्यायचा, चार महिने खाऊपिऊ घालून, औताची सवय लावून उभा करायचा आणि चांगल्या घरी द्यायचा. सदाशिव पेठेतल्या ज्या शाळेत मी मराठी शिकवते, तिथल्या एका बाईंनी तर मला विचारलं होतं, "घरात वास नाही का यायचा?" मी म्हटलं, "यायचा, पण तुमच्या अत्तराइतका नाही." पुढे आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ही जीभ मला आबांकडून मिळालेली नाही. ती पुण्याची देणगी.

आबा फार कमी बोलत. आठवड्यातले चार दिवस चार गावांचे बाजार, आणि उरलेले तीन दिवस गोठा. बैल टेम्पोतून न्यायची पद्धत आली तरी जवळच्या बाजाराला ते बैलांबरोबर चालतच जायचे. बैल चालवत नेला की त्याचं सगळं कळतं म्हणायचे, टेम्पोत बसून सगळेच शहाणे दिसतात. त्यांच्या टाचांना एवढ्या भेगा होत्या की आई दर दिवाळीला त्यात मेण भरायची, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा शेणात उभे. आजारी पडून झोपलेले आबा मी लहानपणी पाहिलेच नाहीत. बाजारातून येताना माझ्यासाठी शेव-रेवडीचा पुडा ठरलेला. तो विसरला असं एकदाही झालं नाही. बैल विकला गेला असो वा नसो, पुडा यायचाच.

मी एकुलती एक. मुलगा नाही म्हणून त्यांना लोक सल्ले द्यायचे, आणि ते सल्ले ऐकताना आबा बैलाची शिंगं घासत बसायचे. मी पुण्याला कॉलेजात गेले. सुट्टीत घरी आले की आबा मला दारातच थांबवून म्हणायचे, "तोंड उघड बघू." मी उघडायची. बैलाचं वय दातांवरून कळतं, तसं माझं बघायचे. "अजून चारदातीच हाय. लगीन एवढ्यात न्हाई." आई डोक्याला हात लावायची. पुढे मला बघायला मुलगा आला तेव्हा आबांनी त्याला प्रश्न एकही विचारला नाही. गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत सोबत चालवत नेला आणि परत आणला. घरी येऊन आईला म्हणाले, "पाय उचलून टाकतो. घसटत न्हाई." लग्न ठरलं. माझ्या नवऱ्याला हे सर्टिफिकेट आजही तोंडपाठ आहे.

बाजारात मुलींना कुणी नेत नसे, पण आमच्या गावचा गुरुवारचा बाजार घरामागच्याच माळावर भरायचा. भिंतीवर चढून मी बघायची. आबा आणि समोरचा माणूस शेजारी उभे राहायचे, दोघांच्या हातांवर एक टॉवेल टाकलेला, आणि दोघंही भलतीकडेच बघतायत. एकदा विचारलं, "तिथं तुम्ही काय करता?" म्हणाले, "बोलतो." मी म्हटलं, "बोलत तर नव्हता." हसले आणि पुडा हातात दिला. भाव चारचौघांना कळू नये म्हणून बोटं धरून ठरवतात, एवढं मला मोठेपणी कळलं. कुठलं बोट म्हणजे काय, हे ते घरात कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

त्यांच्या शब्दाचं वेड मात्र मला ठाऊक होतं. एकदा घेतलेला बैल घरी आणल्यावर कळलं की जू मानेवर ठेवलं की तो खाली बसतो. देणाऱ्याने फसवलं होतं. आई म्हणाली, परत नेऊन बांधा त्याच्या दारात. आबा म्हणाले, "सौदा झाला की बैल माझा. खोडी त्याच्या असत्याल, शब्द माझा हाय." तो बसका बैल आमच्याकडे म्हातारा होऊन मेला. काम त्याने शेवटपर्यंत केलं नाही, वैरण मात्र सगळ्यांत जास्त खाल्ली.

आई गेल्यावर आबा एकटे राहू लागले. मी दर महिन्याला म्हणायची, पुण्याला चला. ते म्हणायचे, "दावण मोकळी झाली की येतो." दावण म्हणजे बैल बांधायची जागा. ती मोकळी व्हायची नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग एका बाजारात ते उभ्याउभ्या पडले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पुण्यातल्या हॉस्पिटलात तीन आठवडे काढून मी त्यांना वारज्याला आमच्या फ्लॅटवर आणलं. शेवटची उरलेली जोडी शेजारच्यांच्या हवाली केली. दावण मोकळी झाली.

फ्लॅट सातव्या मजल्यावर. काठीच्या आधाराने, उजवा पाय ओढत ते हॉलपासून बाल्कनीपर्यंत जायचे. बाल्कनीला कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी. पहिल्या दिवशी त्यांनी डाव्या हाताची बोटं त्या जाळीवरून वरपासून खालपर्यंत फिरवली, कुठे सैल आहे का बघत असल्यासारखी. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कबुतरं येतात, आबा." ते म्हणाले, "हां." तेवढा एकच शब्द त्यांच्याकडे उरला होता. चहा हवा? हां. चहा नको? हां. पंखा बंद करू? हां. इथे बरं वाटतंय ना? हां. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी दिवसातून दोनदा घ्यायची आणि समाधानाने शाळेत जायची.

दिवसभर सांभाळायला एक मावशी यायच्या. त्या तीनला जायच्या, मी पाचला पोचायची. नवरा ऑफिसात, मुलगी बारावीच्या क्लासला, म्हणजे मधले दोन तास आबा एकटे. बाल्कनीत खुर्ची टाकून जाळीतून दिसणाऱ्या बायपासकडे बघत बसायचे. ट्रक, टँकर, कंटेनर. एखाद्या टेम्पोत जनावरं असली तर उठून उभे राहायचे, हे मावशींनी सांगितलं.

हॉस्पिटलातून आणल्यावर पहिल्याच गुरुवारी मी त्यांच्या कॉटवर बसून त्यांना समजावलं. लहान मुलाशी बोलतात तसं, आवाज चढवून, जणू वाचेबरोबर कानही गेले होते. "आबा, व्यायाम महत्त्वाचा आहे. चार आठवडे इथे राहा. मग घरी नेते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खांद्यावरचा टॉवेल डाव्या हाताने ओढून मांडीवर पसरला, खालून माझा हात ओढून घेतला आणि माझी दोन बोटं घट्ट धरली. तोंड खिडकीकडे. मला वाटलं, थंडी वाजतेय. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आलं असेल, ते दिसू नये म्हणून पलीकडे बघतायत. मी दुसरा हात टॉवेलाखाली घातला आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन थोपटला. त्यांनी सुस्कारा टाकला. त्या दिवसापासून ते अगदी शहाण्यासारखे वागू लागले. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, असा पेशंट पाहिला नाही. मी नवऱ्याला सांगितलं, "रुळले हो आबा."

दोन आठवड्यांनी सकाळी मी डबा भरत होते. हॉलमध्ये आले तर आबा दारापाशी चपलांच्या स्टँडवर बसलेले. पायजम्यावर बाजाराचा पांढरा सदरा, बटणं एकाच हाताने लावल्यामुळे वरखाली झालेली, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात काठी. कधी उठले असतील कोण जाणे. मला शाळेला उशीर होत होता. मी म्हटलं, "हे काय आबा? कुठे निघालात?" त्यांनी काठीने दाराकडे दाखवलं. "अहो, अजून व्यायाम राहिलाय. आज कुठे?" त्यांनी पुन्हा दार दाखवलं. मी हसत हसत त्यांच्या डोक्यावरची टोपी काढली आणि खुंटीला लावली. हसत हसत. ज्या माणसाच्या डोक्यावरून आयुष्यात कुणी टोपी काढली नसेल त्याची. त्यांनी आवाज केला, शब्द नव्हता, आणि काठी जमिनीवर आपटली. खालच्या मजल्यावरच्या काकांनी संध्याकाळी लिफ्टमध्ये विचारलं, "सकाळी वर बांधकाम चालू होतं का?"

संध्याकाळी मी आबांजवळ बसले. अपराधी वाटत होतं. त्यांनी पुन्हा टॉवेल पसरला आणि या वेळी माझं एकच बोट धरलं. मी पुन्हा दोन्ही हातांनी थोपटलं. "रागावू नका हं," म्हटलं. ते शांत झाले. मला वाटलं, मिटलं.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा दारात. तोच सदरा, तीच टोपी. या वेळी कडी काढून ते लिफ्टपर्यंत पोचले होते. वॉचमनने वर आणून सोडलं. मी घाबरले होते, आणि घाबरले की मला राग येतो. "पडला असता तर? कुणाच्या जिवाला घोर?" असं काय काय बोलले. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अशा आजारात गोंधळ होतो, जपा. मग मी जपलं. मावशी गेल्यावरचे ते दोन तास दाराला बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली. मावशी कुलूप लावून किल्ली वॉचमनकडे द्यायच्या, मी येताना घ्यायची. किल्ली देताना वॉचमन कधी काही म्हणाला नाही, तरी मी त्याच्या डोळ्यांकडे बघत नसे.

त्यानंतर आबांनी मला हात दिला नाही. मी भरवलं की खायचे. गोळी दिली की घ्यायचे. आंघोळीला, संडासला माझा आधार घ्यायचे, नाइलाज होता. पण संध्याकाळी मी शेजारी बसून हात पुढे केला की डावा हात मांडीखाली सरकवायचे. तोंडावर राग नाही, काही नाही. परक्या बाईशी वागावं तसं अदबीने वागायचे. मला वाटलं, आजार वाढतोय.

अशात चाचा आले. चाचा म्हणजे आबांचे धंद्यातले जोडीदार. तीस-पस्तीस वर्षं दोघांनी एकत्र बाजार केले. दोन सालांपासून ते कोंढव्यात मुलाकडे राहत होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून बातमी कळूनही लगेच येता आलं नव्हतं. दारातूनच ओरडले, "काय रं, पडला व्हय उभ्या बाजारात?" आबांच्या चेहऱ्यावर मी कित्येक आठवड्यांनी हसू पाहिलं. चाचा शेजारी बसले. मी चहा ठेवायला गेले. कप घेऊन आले तर दोघांच्या हातांवर टॉवेल आणि दोघंही बंद टीव्हीकडे बघतायत. मी तशीच उभी राहिले. भिंतीवरून बघायची तशी.

चाचांनी हात बाहेर काढला. म्हणाले, "पोरी, तू ह्याला कसली मुदत दिली हुतीस?"

"मुदत? नाही हो."

"दोन म्हणतोय. मग थोपटलं. मग एक. मग थोपटलं. आन हनुवटीनं तुझ्याकडं दावतोय. काय ठरलं हुतं तुमचं?"

मी आठवेल ते सांगितलं. मी चार आठवडे म्हणाले होते. त्यांनी दोन बोटं धरली. मी हात हातात घेऊन थोपटला. चाचांनी मध्येच थांबवलं. "दोन हातांनी थोपटलास?" मी हो म्हटलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "अगं, थोपटलं की सौदा बसला. तू चार म्हणालीस, ह्यानं दोन दिलं, तू मान्य केलंस. दोन बाजार."

दोन बाजार. म्हणजे दोन आठवडे. मला आता दिवस आठवले. मी समजावलं तो गुरुवार. ते पहिल्यांदा दारात बसले तो गुरुवार. लिफ्टपर्यंत गेले तोही गुरुवारच. त्यांचा काडीचाही गोंधळ झालेला नव्हता. दिवस मोजून, ठरल्या दिवशी, बाजाराचा सदरा घालून ते निघाले होते. आणि पोरीने शब्द फिरवला तरी पदरचा आणखी एक बाजार देऊन तिला सांभाळून घेतलं होतं.

मी चाचांवरच ओरडले. "मला काय ठाऊक? मला शिकवलं होतं का कुणी? भिंतीवरून बघितलं तरी खाली उतरवायचे!" चाचा शांतपणे म्हणाले, "खरं हाय. बायामाणसांना कुणी शिकवलं न्हाई. चूक आमचीच हाय." मग हळू म्हणाले, "पर पोरी, आमच्यात थोपटून मोडलं की त्या माणसाला पुन्हा हात देत न्हाईत. सख्खा भाऊ असला तरी न्हाई. म्हनून तुला देत नसंल." आबा आमच्याकडे बघत होते. सगळं ऐकत होते. मी त्यांच्या पायांशी बसून रडले. त्यांनी काही केलं नाही.

त्या रात्री जेवताना नवऱ्याशी बोलले. तो माणूस चांगला आहे. म्हणाला, "नेऊ. मी चार दिवस रजा काढतो. पण मग?" गावच्या घरात संडास अंगणाच्या टोकाला, उंबरे गुडघाभर, शेजारी आहेत पण सगळे आपापल्या शेतात. मावशी तिकडे येणार नाहीत. मुलीची बारावी. माझी नोकरी. ही सगळी कारणं खरी होती. आणि या सगळ्यांच्या खाली आणखी एक कारण होतं, ते मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. मला जायचं नव्हतं. त्या घरात, त्या माळाशेजारी, म्हातारा बाप सांभाळत बसायचं मला नको होतं. मी ते गाव सोडून आले होते आणि पुन्हा अडकायची माझी तयारी नव्हती. त्यांना कोंडलं ते मी स्वतः कोंडली जाऊ नये म्हणून.

रविवारी दुपारी घरात आबा आणि मी दोघंच होतो. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल मीच काढून दोघांच्या मांडीवर पसरला आणि हात खाली ठेवला. या वेळी खरा सौदा करायचा, जे देता येईल तेच धरायचं, असं ठरवलं होतं. ते हात देणार नाहीत हेही धरून चालले होते. बायपासवरून एक कंटेनर हॉर्न देत गेला. मग टॉवेल हलला आणि त्यांचा हात माझ्या हातात आला. सौदा मोडलेल्या माणसाला हात द्यायचा नाही, हा जन्मभराचा नियम त्यांनी माझ्यासाठी मोडला.

तोंड जाळीकडे करून ते वाट बघत राहिले. बोली मी लावायची होती. मी त्यांच्या एका बोटापाशी गेले. एक बाजार? खोटं होतं. दोन? तेही खोटं. चार धरले असते तरी खोटंच होतं. माझी बोटं त्यांच्या बोटांवर नुसती फिरत राहिली. थोपटायचं तर नव्हतंच. मी काहीच धरू शकले नाही. त्यांचा हात माझ्या हातात उघडा पडून होता आणि माझ्याकडे द्यायला आकडा नव्हता.

त्यांना कळलं. आयुष्यभर समोरच्याचा हात वाचलेला माणूस. त्यांनी आपला हात माझ्या हातातून काढला, माझ्या हाताच्या पाठीवर ठेवला आणि दोनदा थोपटलं. सौदा बसला. एकही बोट न धरता, काही न मागता, त्यांनी माझ्या अटीवर तो पक्का केला.

पुढच्या गुरुवारी ते दारापाशी बसले नाहीत. सदरा मी धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवला, तो त्यांनी पुन्हा मागितला नाही. बाहेरून कुलूप लावणं मी थांबवलं, कारण त्याची गरजच उरली नव्हती. सात महिने ते आमच्याकडे होते आणि सातव्या मजल्यावरच गेले. लोक म्हणतात, मुलीने फार केलं. मी ऐकून घेते. त्या रविवारी त्यांनी माझा हात थोपटला तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि रडू नंतर आलं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.